कानाचं माप

…नाही नाही, 'बसतो' म्हणजे काय? बसायला काय हो, डाससुद्धा बसतो कानात! मी त्या दुकानदाराला तेच म्हटलं, बाबा रे, लोकांच्या अंगाला कापड बसवण्यात हयात गेली माझी, 'बसतो' आणि 'नीट बसतो' ह्यातला फरक तू मला शिकवू नकोस! तर तो म्हणतो कसा, "सर, ह्याला माप नसतं, सगळ्यांना एकच साइज बसते." घ्या! हे वाक्य कुणाला ऐकवतोय? टेलरला! अहो, एकाच माणसाचे दोन खांदे सारखे नसतात, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब ठेवावी लागते, आणि हा शहाणा अख्ख्या दुनियेचे कान एका मापात बसवतोय!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तरांच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा.

तर मी टेलर. दुकान केवढं, तर एक कटिंग टेबल, दोन मशीनं, एक इस्त्री, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम, जिच्यात जाड्या माणसाला वळायचं असेल तर बाहेर येऊन वळावं लागतं. आणि फोन! पूर्वी गिऱ्हाईक चपला झिजवत दुकानात येऊन भांडायचं, आता घरी पाय पसरून भांडतं. आणि आपले दोन्ही हात कामात. एका हातात कापड, दुसऱ्यात कात्री, मग फोन कुठे? डावा खांदा वर, डावा कान खाली, मधे फोन. दिवसभर! "मास्तर, झालं का?" … "झालंच आहे हो, फक्त काज-बटण राहिलंय!"

हसू नका. तुम्हाला सांगतो, हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्याचा पाया आहे. कापड अजून गिऱ्हाइकाच्याच पिशवीत असतं, पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नसते, पण काज-बटण तेवढं राहिलेलं असतं. ह्याला खोटं नाही म्हणायचं. डॉक्टर सुई टोचताना 'अजिबात दुखणार नाही' म्हणतो, त्याला कुणी खोटारडा म्हणतं का? मग? तो देतो तो धीर, आणि आम्ही मारतो ती थाप?

असो. तर एक दिवस आमचे वकीलसाहेब आले. नवा काळा कोट घालून, रागानं लालबुंद. म्हणाले, "मास्तर, हे काय शिवलंय? माझा अशील मला विचारतोय, तुम्ही समोरच्या पार्टीकडे झुकलात का म्हणून!" मी म्हटलं, काय झालं? आरशासमोर उभं केलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, कोट एकदम ओळंब्यात! म्हटलं, "साहेब, मला तर सरळ दिसतोय." तेवढ्यात मागून आमची बायको आली, तिनं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कडकन सरळ केलं. म्हणाली, "आता बघा."

अहो, कोट वाकडा! नुसता तो कोट नाही, दांडीवर टांगलेले सगळे कोट, सगळे सदरे, एकजात एका अंगाला कललेले! म्हणजे काय झालं होतं, की फोन धरून धरून माझी मान डावीकडे, म्हणून समोरचा माणूस मला उजवीकडे कललेला दिसायचा, आणि मी बिचारा त्याला सावरायला एका खांद्यात जास्तीचं पॅड भरायचो. किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक! निम्मं गाव मी वाकडं करून ठेवलं होतं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, कडकड आवाज आला तो आधी मला वाटलं त्यांच्या खुर्चीचा आहे. म्हणाले, "फोन खांद्यावर धरणं बंद, नाहीतर गळ्यात पट्टा. हेडसेट घ्या." आता गळ्यात पट्टा घालून बसलेला टेलर कधी पाहिलात? त्याला खाली बघता येत नाही, आणि ज्या टेलरला खाली बघता येत नाही त्यानं पॅन्ट कशी कापायची?

आणि हे सगळं कधी, तर नेमकं आमच्या आत्याच्या पोराचं लग्न ठरलं तेव्हा.

आत्या म्हणजे… कसं सांगू? वडिलांची बहीण, पण मला वडिलांपेक्षा तिचा धाक जास्त. शाळेत माझं काही खरं नाही हे तिनंच ओळखलं, स्वतःच्या पगारातून मला पहिलं मशीन घेऊन दिलं आणि दरडावून त्याच्यावर बसवलं. नोकरी तिची टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. जन्मभर कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडले. आता ती रिटायर झाली, पण तिचे कान काही रिटायर झाले नाहीत! फोनवर नुसतं 'हॅलो' म्हणा, ती सांगते, "उभा आहेस ना? बसून बोल." तर तिचा फोन आला, "तुझ्या भावाचा लग्नातला कोट तूच शिवायचास. आणि सरळ शिव हो! एकुलता एक आहे माझा, फोटोत जन्मभर वाकडा नको दिसायला. आणि तो कसला फोन वापरतोस, उशीखालून बोलल्यासारखा आवाज येतो तुझा. चांगलं काहीतरी घे कानाला."

खरं सांगतो, बाकीच्या गिऱ्हाइकांचं सोडा, पण तिला मला हा एक कोट सरळ शिवून दाखवायचा होता हो. ज्या बाईनं मशीन घेऊन दिलं तिच्याच पोराला मांडवात वाकडा उभा करायचा? तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

म्हणून निघालो हेडसेट घ्यायला. आता माझा कान, माझे पैसे, माझी मान, पण बोलणारे किती! बायको म्हणते, "अहो, दोन्ही कानांतला घ्या. माझं ऐकू न येण्याचं नवीन कारण तरी मिळेल तुम्हाला." शेजारचा न्हावी म्हणतो, "एकाच कानाचा घ्या मास्तर, दुसरा कान मला कापायला मोकळा पाहिजे." कापायला! म्हणजे केस म्हणायचं असेल त्याला, पण ऐकायला कसं वाटतं? वकीलसाहेब म्हणतात, "वॉरंटीचे कागद आधी मला दाखवा." कान माझा, मत दुनियेचं!

आणि तो दुकानदार! टाय लावलेला, केसांना एवढं तेल की माशी घसरून पडेल. "सर, ह्याचा बास बघा, जबरदस्त बास!" म्हटलं, मला बास काय करायचाय? गिऱ्हाईक शिव्या घालत असताना मागून ढोल वाजायला पाहिजेत का? "सर, हा पाण्यात पडला तरी चालतो." मी कशाला पाण्यात पडून फोन घेऊ? "सर, हा तुमची पावलं मोजतो." अरे, कान पावलं मोजायला लागला तर पायानं काय ऐकायचं? मला म्हटलं दोनच गोष्टी दे. एक, दिवसभर घातला तरी कान दुखायला नको. दोन, माझं त्याला आणि त्याचं मला स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. बस्स! तर म्हणतो, "सर, तुम्ही फारच बेसिक बोलताय." बेसिक! आणि मग ते वाक्य, सगळ्यांना एकच साइज बसते… जाऊ द्या, रक्त आटतं.

शेवटी त्यानं माझ्या गळ्यात मारले ते इअरबड. म्हणजे गळ्यात नाही, कानात. शेंगदाण्याएवढे दोन दाणे. म्हणाला, घातलेत हे विसरून जाल सर. खरंच विसरलो! कुठे पडला तेच विसरलो! दुपारी बघतो तर उजव्या कानात आहे, डाव्यात नाही. टेबलाखाली पाहिलं, चिंध्यांत पाहिलं, मशीनच्या पोटात पाहिलं, बायकोनं केरात पाहिलं… नाही म्हणजे नाही.

आता इकडे मी वकीलसाहेबांचा तोच कोट उसवून, खांदा सरळ करून, अस्तर पुन्हा शिवून दिला होता. ते कोट घालून खुशीत कोर्टात गेले. आता पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. कोर्टात एकदम शांतता, जजसाहेब कागद वाचतायत, वकीलसाहेब उभे, हात वर केलाय, म्हणतायत, "माझ्या अशिलाची बाजू, युवर ऑनर, अत्यंत भक्कम…" आणि त्यांच्या काखेतून एक बाई बारीक आवाजात म्हणते, "बॅटरी लो."

जजनी चष्म्यावरून पाहिलं. वकीलसाहेबांनी हात खाली घेतला. पुन्हा बोलायला लागले, हात वर गेला… "बॅटरी लो." समोरचा वकील उठून म्हणतो, "युवर ऑनर, निदान ह्या मुद्द्याला आमची हरकत नाही!"

मग काय, कोट घेऊन आले, पुन्हा अस्तर उसवलं, आत माझा दाणा! मी म्हटलं, सापडला हो सापडला! ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मला आधी वाकडा केलात आणि आता काखेतून बोलायला लावलंत, राहिलंय काय?" अहो, माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं… "फक्त काज-बटण!" तेव्हापासून ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जातात.

दुकानदाराकडे गेलो. बदलून द्यायला तोंड वाकडं केलं, पण दिला. ह्या खेपेला नेकबँड. गळ्यात घालायचा, हरवायचा प्रश्नच नाही. म्हटलं, छान! पण माझ्या गळ्यात आधीच कोण आहे? टेप! एक माणूस आला छाती मोजून घ्यायला, मी बोलता बोलता गळ्यातून टेप ओढली, त्याच्या छातीभोवती फिरवली, बघतो तर आकडेच नाहीत! आणि त्या गृहस्थाच्या छातीतून न्हावी बोलतोय, "हॅलो मास्तर, हॅलो, आहात का?"

तेही चाललं असतं. पण त्या नेकबँडच्या टोकांना लोहचुंबक असतं, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून राहावीत म्हणून. बनवणारा मोठा हुशार! पण त्यानं टेलरचं टेबल कधी पाहिलं नव्हतं. टेलरच्या टेबलावर काय असतं? टाचण्या! मी कापडावर वाकलो, फोन वाजला, टोक उचललं, कानात घातलं…

अहो, मला दिवसा तारे दिसले! फोनवर एक बाई होत्या, त्यांच्या मुलीचा फ्रॉक होता माझ्याकडे. त्यांनी नुसतं विचारलं, "मास्तर, झालं का?" आणि मी इकडून गुरासारखा ओरडलो. त्या दचकून म्हणाल्या, "राहू द्या राहू द्या, सावकाश द्या, काही घाई नाही!" एवढा एकच फायदा झाला त्याचा. आणि बायको तुरटीचा खडा शोधत म्हणते, "तरी मी सांगत होते…" काय सांगत होती? टाचणी टोचेल हे सांगत होती? तेवढं सोडून सगळं सांगत होती! कान माझा, मत दुनियेचं!

मग घेतला तो मोठा. दोन्ही कानांवर दोन वाट्या. गाद्या इतक्या मऊ, की कानांना झोप लागावी. आणि त्यात ती सोय, बाहेरचा आवाज बंद. बटण दाबलं आणि जग गप्प! मशीन चालतंय, आवाज नाही. रस्ता चालतोय, आवाज नाही. बायकोचे ओठ हलतायत… काय सांगू, लग्नानंतरचा पहिला पंधरवडा आठवला. पण ट्रायल रूममध्ये एक पोस्टमास्तर होते, नवी पॅन्ट घालून बघत होते. त्यांची चेन अडकली. ना वर ना खाली. हाका मारून मारून घसा बसला त्यांचा. बाहेर यायची सोय नाही, कारण पडद्याबाहेर दोन बायका ब्लाउजचं माप द्यायला बसलेल्या. आणि मी इकडे मान डोलावत काजं करतोय. शेवटी त्या बायकांनीच मला गदागदा हलवलं. पोस्टमास्तर निघाले ते पॅन्टसकट निघाले, माप पसंत आहे की नाही तेही बोलले नाहीत.

चौथ्या खेपेला दुकानदार मला पाहून आत पळाला. मी म्हटलं, बाहेर ये. आज तू बोलायचं नाहीस, मी बोलणार. मी खिशातून टेप काढली. कानाची उंची मोजली, रुंदी मोजली, कानामागची जाडी मोजली, त्याच्या काचेच्या कपाटातले सगळे नग बाहेर काढले आणि एकेक मोजला. गर्दी जमली! कुणी म्हणतं हा घ्या, कुणी म्हणतं तो घ्या, एक आजोबा म्हणतात माझ्या नातवाकडे आहे तो घ्या. कान माझा, मत दुनियेचं! पण मी हललो नाही. आणि सापडला. एका कानाचा. हलका, कानामागे अडकणारा, तोंडाशी एक बारीकशी दांडी, तिच्या टोकाला माइक. घातला, मान हलवली, वाकलो, उठलो… जागचा हलत नाही. दुखत नाही. दुकानदार म्हणाला, "सर, ह्याच्या माइकला सुई पडली तरी ऐकू जातं."

सुई पडली तरी! तेव्हाच कळायला हवं होतं हो. सुया कुठे पडतात दिवसभर? माझ्याच दुकानात ना?

पण तेव्हा आनंद! मान सरळ, हात मोकळे. पहिला फोन आला. "मास्तर, झालं का?" मी म्हटलं, "झालंच आहे, फक्त काज-बटण राहिलंय." तर गिऱ्हाईक म्हणतं, "मास्तर, हा पिशवी उघडल्याचा आवाज कसला?"

घामच फुटला! दुसरा फोन. "इस्त्री चालू आहे तुमची," म्हणालो मी, तर पलीकडून, "इस्त्री? मला तर जांभई ऐकू आली." तिसऱ्याला तर माझी बायको ऐकू गेली, ती माळ्यावरून विचारत होती, "अहो, हे निळं कापड कुणाचं आहे? महिनाभर पडलंय!" निळं कापड त्याचंच होतं. तुम्हाला सांगतो, आमचा सगळा धंदा उभा होता खरखरीवर! जुन्या फोनमधे खर्र खर्र यायचं, त्यात अर्धी थाप झाकली जायची, उरलेली गिऱ्हाईक समजून घ्यायचं. आता आवाज स्वच्छ, आणि मी उघडा!

आणि मग आत्याचा फोन.

लग्न तोंडावर आलेलं. सकाळची वेळ, टेबलावर नवरदेवाच्या कोटाचं कापड अंथरलेलं, खडूनं आखलेलं, हातात कात्री. मान सरळ आहे ना, म्हणून खांदा असा सुरेख आखला होता, सांगतो! आणि कात्री चालवली, तेवढ्यात कानात, "काय रे, कोट कुठवर आला?"

बोलू नये ते बोललो. जिभेला वळणच तसं हो! म्हटलं, "झालाच आहे आत्या, फक्त काज-बटण…"

"कात्री थांबव."

थांबवली.

"हं. जाड कापड आहे, अस्तर अजून लावलेलं नाही. आणि तू खांद्यापाशी कापतोयस, हळू झालास मधे. मला फसवतोस? मला? तुला मशीनवर कुणी बसवलं?" तिचा आवाज जरा कापला हो. रागावली असती तर चाललं असतं, पण तिला वाईट वाटलं, ते मला त्या स्वच्छ आवाजात अगदी नीट ऐकू आलं. खरखरीत कळलं नसतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "हलू नकोस," म्हणाली. "मी येतेय."

आली. स्टूल ओढलं, टेबलाशेजारी बसली. मी कापत होतो, ती बघत होती. फोन वाजला. माझे हात गुंतलेले, तर तिनं माझ्या कानाचा हेडसेट अलगद काढला, स्वतःच्या कानाला लावला, दांडी तोंडाशी आणली… आणि काय सांगू, बाईचा चेहराच बदलला! पाठ ताठ, आवाज मधाळ. "बोला, कोण हवंय? … सदरा? नाही, अजून कापलेला नाही. कापलाय म्हणाले? ते खोटं होतं. बुधवारी या. नमस्कार." खाड! पुढचा. "ब्लाउज? एक मिनिट हं… त्याची पिशवीच सापडत नाहीये त्याला. शुक्रवारी. नमस्कार."

मी म्हटलं, संपलं! उद्यापासून दुकानाला कुलूप. तर गंमत बघा, लोक खूश! आमच्या टेलरकडे खरं बोलतात म्हणून कौतुक सांगत फिरायला लागले! म्हणजे इतकी वर्षं मी जीव तोडून, कल्पना लढवून थापा मारल्या, त्याचं कुणाला काही नाही, आणि हिनं नुसतं 'नाही झालं' म्हटलं तर वाहवा! आणि वर मलाच सांगायला येतात, मास्तर, हे आधीच करायला हवं होतं. कान आता माझा राहिला नाही, पण मत मात्र दुनियेचं आहेच!

कोट झाला. सरळ झाला! मांडवात पोरगा उभा राहिला तो असा, की पाहुण्यांनी आपापले खांदे सरळ केले. आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

मला वाटलं, लग्न झालं, आता आत्या जाईल घरी. तर म्हणते, "घरात नवीन जोडपं आहे, त्यांच्यात मी कशाला? मी येईन रोज दुकानात." येते! माझ्या आधी येते. हेडसेट तिच्या कानाला. म्हणते, "आरामशीर आहे हो, आणि आवाज किती स्वच्छ! निवड चांगली केलीस." म्हणजे चार खेपा घालून, टोचून घेऊन, जगभरच्या लोकांशी भांडून, कान मोजून मी हेडसेट निवडला, तो बसला आत्याला!

काल बटणं आणायला बाजारात गेलो होतो. जरा उशीर झाला, म्हणून बायकोचा फोन होता माझ्याकडे, त्याच्यावरून दुकानात लावला. म्हटलं, "आत्या, निघालोय हं मी, अगदी कोपऱ्यावर आलोय."

तिनं क्षणभर कान लावला. मग ती मधाळ आवाजात म्हणते, "बशीत ओतून पी, लवकर निवेल. आणि मग नीघ."

प्यायलो. काय करता? बशीत ओतूनच प्यायलो.